सोळाचं मत आणि भांड्यांची खोली

विनोदिनीबाई एकोणीस वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांनी पडद्याआडून एक भांडण ऐकलं. मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आलं होतं आणि त्यावरून सासरे आणि धाकटा दीर जेवता जेवता जुंपले होते.

"अठराचं पोट्टं काय मत देणार? त्याले शर्टाची बटनं तरी सरळ लावता येतेत का?" सासरे म्हणाले.

"बाबा, अठराव्या वर्षी कारखान्यात घेतेत, तवा कोणी नाही विचारत!"

"कारखान्यात डोकं नाही लागत!"

दीर तेव्हा कारखान्यातच कामाला होता. तो ताट सरकवून उठला. आणि पडद्याआडून दोघांना गरम पोळी सरकवणारी बाई एकोणीस वर्षांची आहे, नवा कायदा आला तो तिच्यासारख्यांसाठीच, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. तिच्याही नाही. तिचं सगळं ध्यान तव्यावर.

भंडाऱ्याकडून सून होऊन आलेली ही चौथी पास बाई पुढे बीरगांवच्या विहारातल्या महिला मंडळाची अध्यक्ष झाली. पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, दारोदारी फिरून तिनं जुनं पितळ मागितलं, मोडीत घातलं आणि वरण-भाताचे मोठाले गंज, पराती, डाव घेतले. ही भांडी विहाराच्या मागच्या खोलीत राहायची, आणि ज्याच्या घरी लग्न त्यानं आधी विनोदिनीबाईंच्या दारात यायचं. नवरी पसंत नसली तरी चालेल, बाई नाराज नको.

त्या खोलीवर आता पोरींचा डोळा होता. घर एका खोलीचं, त्यात टीव्ही, त्यात पाहुणे. अभ्यासाला जागा हवी. नातीनं, म्हणजे सोळा वर्षांच्या मोनालीनंच पुढाकार घेतला. पण मंडळात मत अठराच्या पुढच्यांनाच. तेव्हा पोरींनी आधी अर्ज दिला, मताचं वय सोळा करा. विनोदिनीबाईंना पुढचं सगळं दिसलं. सोळा झालं की सात पोरी आत, पोरी आत की भांडी बाहेर.

रविवारी वंदनेनंतर सभा बसली. बाईंनी बसल्या बसल्या डोकी मोजली. आपल्याकडे दहा, तिकडे नऊ, त्या सगळ्या पोरींच्या आया नाहीतर काकू. काम फत्ते.

"सोळाच्या पोट्टीचं आज एक, उद्या दुसरं. तिले ओढणीची पिन तरी सरळ लावता येते का?" बाई म्हणाल्या. वाक्य सासऱ्यांचंच, फक्त बटनाच्या जागी पिन आली होती.

हिंदी शाळेत शिकणाऱ्या मोनालीला मराठी समजायचं, पण ती उत्तर हिंदीतच द्यायची. "दादी, जयंती के बाद ये गंज कौन घिसता है? तब तो हम बड़ी हो जाती हैं!"

बायका हसल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून पोरींच्याच गटातल्या रुचितानं हात वर केला. तिला मागच्याच महिन्यात अठरा पूर्ण झाली होती. दहाला दहा! बाई सावध झाल्या.

"तोंडी नाही चालत. आधार कार्ड दाखव. मी म्हणतो, सगळ्याच जणी दाखवा. मंडळात दुजाभाव नाही. कागद बोलेल."

रुचिताचं कार्ड बरोबर निघालं. सगळ्यांची कार्डं वाचता वाचता सचिव सरलाताई एकदम थांबल्या. हातात प्रेमलाबाईंचं कार्ड होतं. प्रेमलाबाई म्हणजे पाऱ्यातली सर्वांत म्हातारी, दोन पणतवंडांची पणजी, आणि विनोदिनीबाईंचा हुकमी हात.

"जन्म... दोन हजार अकरा."

"हव," प्रेमलाबाई शांतपणे म्हणाल्या. "कॅम्पातल्या भैयानं टाकलं तसं. म्हटलं, राशन मिळते ना, मंग राहू दे."

"अवो, पण हे चुकीनं झालं!" विनोदिनीबाई ओरडल्या. "हिचे दात तर पाहा!"

"दादी, आपने ही बोला, कागज बोलेगा।"

सभेत जो हशा उठला तो बाहेर चपलांजवळ झोपलेल्या कुत्र्यालाही उठवून गेला. प्रेमलाबाई कंबर धरून उठल्या आणि पोरींच्या रांगेत जाऊन बसल्या. "सोळाचं झालं तरी मले दोन वर्सं थांबा लागते वं माय," म्हणत त्यांनी रुचिताच्या डब्यातला चिवडा तोंडात टाकला.

दहाला नऊ. सोळा झालं. सात पोरींनी तिथंच हात वर केले आणि खोलीही गेली. भांडी अभनपुरच्या विहाराला द्यायचं ठरलं. ते केव्हाचे मागत होते. घरी येऊन विनोदिनीबाईंनी दोन दिवस मोनालीला जेवायला वाढलं, नेहमीपेक्षा तिखट.

बुधवारी पाऱ्यातला हरिदास टेम्पो घेऊन आला. त्याच्या मुलीचं लग्न होतं. ते आटोपलं की भांडी तिकडूनच अभनपुरला जाणार. बाईंनी एकेक गंज उलटा केला, बोटाच्या पेरानं ठोकला, कान लावून ऐकला आणि मगच बाहेर दिला.

"बाई, आता तं जाऊनच राहिले ना हे. काहून ठोकता?"

"तुया पोरीच्या लग्नात वरण गळलं तं अभनपुरवाले पुसाले येणार हायेत का? हा नको नेऊ, तळाले चीर हाय. तो घे. अन् कड्या धरून नको उचलू, खालून हात लाव."