हिरवी साडी आणि गोव्याचं विमान

सिंधुबाईंना विमानाचं भ्या वाटतं, ही बातमी त्या दिवाळीत सगळ्या वस्तीवर झाली आणि सिंधुबाईंनी ती खुशाल होऊ दिली.

आता ज्या बाईनं पंचवीस वर्षं दर दिवाळीनंतर भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या आणि दोन शेळ्यांसकट ट्रकमधल्या संसाराच्या ढिगावर बसून कारखाना गाठला, जी डोक्यावर उसाची मोळी घेऊन, कशालाही हात न लावता, वीतभर रुंद फळीवरून ट्रकवर चढायची, ती बाई कशाला भिते? पण लोकांना सांगायला काहीतरी लागतं आणि हे कारण लोकांना आवडलं.

झालं होतं असं. थोरली लेक चैताली पुण्याच्या एका दवाखान्यात नर्स होती, बाळंतिणींच्या वॉर्डात. तिला डिसेंबरात आठ दिवसांची रजा मिळाली होती आणि तिनं सगळ्यांना गोव्याला न्यायचं ठरवलं होतं, पुण्याहून विमानानं. हा हट्ट आजचा नव्हता. सात वर्षांची असताना उसाच्या फडात, वाढ्यांच्या म्हणजे तोडलेल्या शेंड्यांच्या ढिगावर बसून, डोक्यावरून जाणाऱ्या विमानाकडे बोट करत ती म्हणाली होती, "आई, तुला त्याच्यात बसविते." "बसव बाई, पण आधी कळशी आण," असं म्हणून सिंधुबाई कामाला लागल्या होत्या. पोरगी मात्र विसरली नव्हती.

धाकटा जीवन आष्टी-नगर रस्त्यावर स्वतःची सात जणांची गाडी भाड्यानं चालवायचा. त्याला हे झोंबलं. "दारात घरची गाडी उभी हाय आन् लोकाच्या विमानात कावून जायचं?"

"अरे, तासाभरात पोचतो आपण."

"तासाभरात पोचून करायचं काय? रस्ता बघायचाच न्हाई का?"

ज्ञानोबांनी, म्हणजे या दोघांच्या वडिलांनी, तंबाखू मळता मळता एकच प्रश्न विचारला. "वर गेल्याव खिडकी उघडत्यात का?"

"नाही, अण्णा."

"मग मी गाडीत."

दोन मतं गाडीला पडली. चैतालीनं आईकडे पाहिलं. तिला खात्रीच होती. "आई, तू सांग. तू म्हणशील तसं."

परातीत भाकरी थापणारा हात थांबला. "गाडीनं जाऊ," सिंधुबाई म्हणाल्या.

लेकीचं तोंड एवढंएवढं झालं.  आपल्यासाठी एवढ्या हौसेनं काही आणणाऱ्या पोरीला आपणच नको म्हटलं, हे त्यांना लागलं. पण दुसरं काही बोलता येईना, कारण त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, अगदी तळाला, एक हिरवी साडी होती.

ती साडी छबुबाईची होती. म्हणजे छबुबाईला द्यायची राहिलेली होती. पंचवीस वर्षं.

सिंधुबाईंना माहेर नव्हतं. आई लहानपणीच गेली, चुलत्यानं लग्न लावून दिलं आणि दार लावून घेतलं. वस्तीवरच्या बायका माहेरून आल्या, की शिदोऱ्या सोडत. कुणाचे लाडू, कुणाच्या पापड्या. सिंधुबाई सगळ्यांचं खात आणि वाटायला आपल्याकडं काही नाही म्हणून सगळ्यांच्या आधी भांडी घासायला उठत. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, हे त्यांना इतरांसारखंच माहीत होतं. त्या सालीही त्या नवऱ्याबरोबर कारखान्याला गेल्या.

कारखाना सांगलीकडचा. जानेवारीतली दुपार. डोक्यावर मोळी घेऊन त्या फळीवर अर्ध्यात होत्या आणि कळ आली. टोळीतल्या बायकांनी उचलून जवळच्या घरात नेलं. ते घर शेतमालकाचंही नव्हतं. त्या घरची बाई, छबुबाई, सुईणही नव्हती. पण तिनं धुळीनं माखलेल्या ऊसतोडीच्या बाईला ओसरीवर नाही ठेवलं, आत घेतलं, स्वतःच्या अंथरुणावर. नाळ तिनं कापली. पाच दिवस गरम पाण्यानं न्हाऊ घातलं, मऊ भात आणि तूप खाऊ घातलं, पाचवी पुजली. सहाव्या दिवशी सिंधुबाई बाळाला घेऊन कोपीवर, आपल्या पाचटाच्या झोपडीत परतल्या. निघताना म्हणाल्या, "पुढल्या साली येते. तुमची ओटी भरते, चोळी-बांगडी करते."

ज्या हातानं नाळ कापली त्या हाताचा मान बाळाच्या आईनं करायचा असतो. तो राहिला, की जिवाला लागून राहतो.

पुढल्या साली मुकादमानं टोळी दुसऱ्याच कारखान्याला नेली. मग कर्नाटकात. मग नदीच्या पार. जिथं मुकादम नेईल तिथं जायचं. मला अमुक गावाला सोडा असं म्हणायला ती काही एसटी नव्हे. छबुबाईचा फोन नव्हता, आडनाव माहीत नव्हतं, खरं सांगायचं तर गावाचं नावही धड माहीत नव्हतं. ऊसतोडीची माणसं गाव कारखान्याच्या नावानं आणि शेतमालकाच्या नावानं ओळखतात. तरी त्यांनी आष्टीच्या बाजारातून साडी घेऊन ठेवली. कुणाची म्हणून विचारलं, की "हाय एकीची," एवढंच म्हणत.

आणि गोव्याचा रस्ता सांगलीवरून जातो, हे त्यांना जीवनच्या तोंडून कळलं होतं. विमान काय, वरून निघून जाणार.

दोन दिवस सगळ्यांनी चेष्टा केली. शेजारच्या सरस्वतीबाई तर म्हणाल्या, "सिंधे, कानात कापूस घालून बस, म्हंजी पडल्यालं कळायचं न्हाई." सिंधुबाई हसल्या. तिसऱ्या दिवशी चैताली चुलीपाशी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आई, तू भीत नाहीस. मला खरं सांग."

मग सिंधुबाईंनी सांगितलं. आई-बाप कारखान्याला असताना आपण जन्मलो एवढंच चैतालीला ठाऊक होतं. कोपीतच जन्मलो असं ती समजून होती. रोज आठ-दहा नाळी कापल्या जाताना बघणाऱ्या त्या पोरीनं सगळं ऐकून घेतलं. मग नाक पुसून म्हणाली, "एवढी वर्षं एकटीच घेऊन बसलीस व्हय गं?"

"कुणाला सांगू? जबान म्या दिली व्हती."

ठरलं. जाताना सगळे गाडीनं जाणार. येताना मायलेकी विमानानं, बापलेक गाडीनं. जीवनची गाडी निघणार होती, ज्ञानोबांची खिडकी उघडी राहणार होती, विमानही उडणार होतं. घरात इतका सगळ्यांच्या मनासारखा निकाल त्याआधी कधी लागला नव्हता.

"पत्ता?" जीवननं विचारलं.

"पत्त्याचं काय करतो? मला रस्ता तोंडपाठ हाय," सिंधुबाई ऐटीत म्हणाल्या. "नारळाची तीन झाडं, त्यांच्या शेजारी देवळाचा पांढरा कळस, आन् त्याच्याखाली लाल कौलाचं घर."

पहाटे निघाले. करमाळा, टेंभुर्णी, सांगोला मागे पडलं. कारखाना कोणता ते ज्ञानोबांना पक्कं आठवत होतं, त्यामुळं तिथवर गाडी बिनचूक पोचली. पुढं सिंधुबाई वाट सांगणार होत्या. त्या खिडकीला नाक लावून बसल्या आणि त्यांना काहीच दिसेना.

दोन्ही बाजूंना ऊस. गाडीच्या वर गेलेला, दाट, हिरवा. जिकडं बघावं तिकडं पानंच. जीवननं तीन वाड्या पालथ्या घातल्या. दोघा-तिघांना विचारलं, छबुबाई म्हटल्यावर एकानं त्याला थेट भलत्याच छबुबाईच्या दारात उभं केलं, ती तिशीची होती. ऊन कलायला लागलं. "आई, रस्ते बदलले असतील," जीवन म्हणाला. "झाडं तोडली असतील." सिंधुबाई मांडीवरच्या पिशवीतली साडी चाचपत होत्या. आपण लेकीची रजा, तिची हौस, सगळं धुळीला मिळवलं असं त्यांना वाटायला लागलं.

तेवढ्यात पुढं रस्त्याच्या कडेला ट्रक दिसला. ऊस भरणं चाललं होतं. फळी लावलेली होती आणि बायका मोळ्या घेऊन वर चढत होत्या. त्या फळीकडं बघता बघता सिंधुबाईंच्या लक्षात आलं. हा मुलूख त्यांनी कधी खालून बघितलाच नव्हता. ट्रकमधल्या सामानावरून बघितला होता, भरलेल्या उसावर उभं राहून बघितला होता. त्यांची ओळख वरूनची होती.

"जीवन, थांब."

त्या उतरल्या. टोळी आपल्याकडचीच निघाली, गेवराई तालुक्यातली, चकलांब्याची. "कुठल्या वं तुमी?" एकीनं विचारलं. "आष्टीच्या. बाई, एवढी फळी द्या मला, जरा वर जाऊन येते." त्या बाईनं एकदा नव्या साडीकडं पाहिलं, एकदा पायांकडं पाहिलं, आणि बाजूला झाली. पायांवरून तिला कळलं असावं, ही आपल्यातलीच.

"आई! पडशील!" चैताली ओरडली. पण सिंधुबाईंनी पदर खोचला होता. पन्नाशीच्या बाईनं फळीवर पाय ठेवला आणि हात न टेकवता चढून गेली. खाली ज्ञानोबा तंबाखू मळायची विसरले. ऊसतोड सुटल्यापासून पाच वर्षांत त्यांनी आपल्या बायकोला असं चढताना पाहिलं नव्हतं.

माथ्यावर उभं राहून सिंधुबाईंनी डोळ्यांवर हात धरला. खाली पसरलेला ऊस, कालव्याची वळणाची रेघ, आणि पलीकडं, फार लांब नाही, पांढरा कळस. शेजारी नारळ. तीनचे दोनच राहिले होते.

"सापडलं!" त्या वरून ओरडल्या, आणि अख्ख्या टोळीला काय सापडलं ते माहीत नसताना आनंद झाला.

घराची कौलं जाऊन स्लॅब पडला होता. ओसरीवर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. सिंधुबाईंनी उंबऱ्याशीच ओळखलं, आणि त्यांचे पाय तिथंच थांबले. म्हातारीचं कपाळ रिकामं होतं, हातात बांगड्या नव्हत्या.

"कुठनं आलासा? बसा की," म्हातारी म्हणाली.

सिंधुबाईंनी सगळं सांगितलं. कोणतं साल, कोणता फड, फळीवर आलेली कळ. छबुबाईनं डोळे बारीक करून ऐकलं. "लई जणी येऊन गेल्या बाई या घरात. कुणाला ताप, कुणाचं बाळतपण. तोंडं न्हाई ध्यानात," ती म्हणाली. मग चैतालीकडं बघून, "हीच व्हय ती?"

"हीच. आता दुसऱ्यांची बाळं हिच्याच हातात जन्मत्यात."

सिंधुबाईंनी पिशवीतून साडी, नारळ, खण, तांदूळ, हिरव्या बांगड्या काढल्या. छबुबाईनं हात मागं घेतले. "अगं, काय करतीस? धनी जाऊन सा वर्सं झाली. माझी कसली ओटी आता?"

 पंचवीस वर्षं जपलेली साडी हातात तशीच राहिली. सिंधुबाई उभ्या आयुष्यात रीत सोडून वागल्या नव्हत्या. पण त्यांनी छबुबाईचा मागं गेलेला हात धरला आणि पुढं ओढला.

"ही ओटी तुमच्या कुंकवाची न्हाई, आई. तुमच्या हाताची हाय. ह्याच हातानं नाळ कापली. म्या घाणीनं भरल्याली व्हते, तवा तुमी रीत इच्यारली न्हाई. म्या कावून इच्यारू?"

आणि त्यांनी ओटी भरली. बांगड्या भरताना म्हातारीचा हात चैतालीनं रोजच्या सवयीनं हलकेच धरला. छबुबाई रडली, सिंधुबाई रडल्या, ज्ञानोबा बाहेर जाऊन नारळाच्या झाडाकडं बघत उभे राहिले.

रात्री त्यांना जेवल्याशिवाय कुणी सोडणार नव्हतंच. सकाळी निघताना छबुबाईनं मडक्याएवढी गुळाची ढेप जीवनच्या हातात दिली. "एवढं कशाला, आई?" सिंधुबाई म्हणाल्या.

"कशाला म्हंजी? पयलं बाळतपण बाई कुठं करती? आईच्या घरी. तू हितं केलंस. मग हे तुझं माहेर न्हवं तर काय? माहेरातनं लेक रिकाम्या हातानं लावायची व्हय?"

 सिंधुबाई वाकल्या, पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

पुढं गोवा झाला. समुद्र बघून ज्ञानोबा म्हणाले, "एवढं पाणी आन् आपल्याकडं टँकर." मग मायलेकी विमानात बसल्या. विमान उचललं तेव्हा सिंधुबाईंनी लेकीचा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "बसवलंस गं मला." चैतालीला खिडकीतलं काही दिसेना, डोळे भरले होते. थोड्या वेळानं सिंधुबाईंनी खाली वाकून विचारलं, "ती नारळाची झाडं दिसतील का?"

"नाही गं, लई उंचावर आहोत."

"मग ट्रकच बरा व्हता," त्या म्हणाल्या, आणि दोघी इतक्या हसल्या, की पलीकडच्या माणसानं पेपर खाली केला.

वस्तीवर पोचल्या त्या संध्याकाळी बायका जमल्या. सगळ्यांना विमान ऐकायचं होतं. सरस्वतीबाई पुढं सरकून बसल्या. "सांग की सिंधे, कुठं कुठं गेलतीस?"

सिंधुबाईंनी बत्त्यानं ढेप फोडली, एक मोठा खडा उचलला आणि पहिल्यांदा सरस्वतीबाईंच्या हातावर ठेवला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "माहेरचा हाय."