तानुअक्काची नागडी चूल

त्या कंपनीचं नाव मी काढणार नाही. काढलं की दिवसभर तोंड कडू होतं. आणि खरं सांगू का, नुसती कंपनीचीच किळस येत असती तर शिव्या घालून मोकळी झाले असते. थोडी माझी मलाही येते, म्हणून हे सांगायला बसले.

मी वृषाली. पारोळ्यात आशा वर्कर आहे. कोणाचं बाळ किती भरलं, कोणाची गोळी चुकली, हे घरोघर जाऊन लिहून घेणं माझं काम. माझ्या घरामागच्या गल्लीत तानुबाई राहते. सगळे तिला अक्का म्हणतात. मी वयाने निम्मी, तरी तिला अगंतुगंच करते, कारण 'अहो अक्का' म्हटलं की ती मागे वळून बघते, दुसरं कोणी आलंय का म्हणून.

अक्काचं नाव आहे खापराच्या मांड्यांसाठी. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं, चुलीवर पालथं घालायचं. पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन हातांवर झेलत झेलत वाढवायचा, तो कोपरापर्यंत लोंबायला लागला की अलगद खापरावर टाकायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. धुळ्याच्या मोठमोठ्या घरांतून, चाळीसगावच्या लग्नांतून तिला बोलावणं येतं. नवरा मार्केट यार्डात हमाली करायचा, तो लवकर गेला. एकुलत्या लेकीला, सुनंदाला, तिने याच दोन हातांवर वाढवलं आणि दोंडाईच्याला दिलं. त्या हातांवर मनगटापासून वरपर्यंत भाजल्याचे डाग आहेत. मी एकदा मलम दिलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे व माय, हाई मनं शिक्कामोर्तब शे."

डाग परवडले, खोकला नाही परवडला. चाळीस वर्षं त्या धुरात तोंड घालून बसलेली बाई. दिवाळीनंतर तिला दोन वाक्यं सलग बोलता येईना. मीच तिला धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि मला म्हणाले, "ताई, आणखी एक सीझन ह्या धुरात बसल्या, तर पुढे ऑक्सिजनची नळी लावूनच बसवावं लागेल." अक्काने फोटोकडे पाहिलंही नाही. तिने एवढंच विचारलं, की अखाजीला मांडे करता येतील की नाही. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात, आणि माहेरी आलेली लेक खापराची पोळी, म्हणजे हेच मांडे, खाल्ल्याशिवाय परत जात नाही. अक्काच्या वर्षातल्या निम्म्या ऑर्डरी त्याच चार दिवसांतल्या.

आता आशा वर्कर म्हणजे काय, उपाय शोधणारी बाई! मी मोबाइलवर शोधलं. लोखंडी चूल, वर चौदा फूट धुराडं, सगळा धूर छताबाहेर, दोन वर्षांची वॉरंटी. वरचं तोंड एवढं मोठं की खापर आरामात बसेल. धुळ्यात माणकचंदशेठच्या दुकानात मिळाली. शेठ सरळ माणूस. म्हणाले, "ताई, आम्ही नुसते विकणारे. काही झालं तर कंपनीला फोन करा, पुस्तकात नंबर आहे." मी म्हटलं, होणार काय? नवी कोरी आहे. घरी आल्यावर अक्काची जुनी मातीची चूल मीच फोडायला लावली. ती जरा घुटमळली. मी म्हटलं, "दोन चुली ठेवल्यास तर तू जुनीवरच बसशील, मी ओळखते तुला." कुदळ मीच आणून दिली.

नवी चूल जागेवर बसली, धुराडं छतातून बाहेर गेलं, पण अक्का काही पेटवेना. पदर खोचून बाहेर गेली आणि शेण-माती कालवून घेऊन आली. मी म्हटलं, अगं ही लोखंडाची आहे!

"मंग? नागडी चूल कोनी पेटाडस का व?"

बसली लिंपायला. पुढून, मागून, बाजूने, चारी बोटं उठतील असं. वर हळदीकुंकू. कंपनीने मागच्या बाजूला नंबराची चकचकीत पट्टी लावली होती, तीही गेली मातीखाली. मला पूजेचं काही नसतं, पण मी हसले आणि पाण्याचा तांब्या धरून उभी राहिले. आमच्याकडे नवी चूल लिंपल्याशिवाय पेटत नाही. माझी आई, कलाबाई, तीही नाही पेटवत. यात कोणाला काय वाटणार?

पहिल्या तासाला चूल गुणाची होती. मग लोखंड तापलं, माती तडकली आणि मागून धूर यायला लागला. थोडाथोडका नाही, भपकेच्या भपके. अक्का खोकून खोकून लाल झाली.

मी लावला फोन. आधी एक बाई हिंदीत सांगते हे दाबा, ते दाबा. मग गाणं. मग एक पोरगी, आवाज साखरेत घोळलेला. लाकूड ओलं आहे का? नाही, कपाशीच्या पऱ्हाट्या, खुळखुळ वाळलेल्या. धुराड्यात जाळं आहे का? अगं बाई, परवा आणलंय! खिडकी उघडून पाहा. उघडली. धुराडं सरळ आहे का पाहा. मी शिडीवर चढून ओळंबा लावला. सरळ. चुलीच्या दारातली धूर अडवणारी दोरी बसलीय का पाहा. बसलीय. "मॅडम, फोटो पाठवा." पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, फोटो अस्पष्ट आहे, पुन्हा काढा. अरे कप्पाळ माझं, धुराचाच फोटो आहे तो, अस्पष्टच येणार!

सव्वीस दिवस हेच. अक्का रोज सकाळी मागची बाजू पुन्हा लिंपायची, दुपारपर्यंत माती धूर अडवायची, मग पुन्हा तड जायची. दोन वेळचा स्वयंपाक दुपारच्या आत उरकायची. तेवढं तिला झेपत होतं. मला ते बघवत नव्हतं. दुसऱ्यांच्या चुकीवर रोज हिने का माती थापायची?

शेवटी कंपनीचा माणूस आला. तोताराम नाव, पन्नाशीचा, दुचाकीवर जळगावहून. आत आला आणि चुलीकडे बघून दारातच थबकला.

"हे काय लावलंय?"

"लिंपण," मी म्हटलं.

त्याने पुस्तक काढून बोट ठेवलं. वस्तूवर ग्राहकाने कोणताही लेप, रंग वा बदल केल्यास वॉरंटी रद्द. माझ्या मस्तकात तिडीक गेली. म्हटलं, भाऊ, हे पुस्तक लिहिणाऱ्याने जन्मात चूल पाहिलीय का? खानदेशात चूल विकता आणि लिंपू नका सांगता? मग लंगोटाला नाडी लावू नका असंही छापा! तोताराम हसला. वाईट माणूस नव्हता तो. त्याने पेचकस घेतला आणि मागची माती खरवडायला लागला. नंबराची पट्टी निघाली. तिच्याखाली शिवण दिसली, दोन पत्रे जोडलेली. ती वीतभर उघडी होती, आत नख जाईल एवढी फट. कारखान्यातच वेल्डिंग मारायचं राहिलेलं.

"ही चूक आमचीच," तो हळू आवाजात म्हणाला. "ताई, असं करा. सगळी माती काढून टाका. मी कोऱ्या चुलीचे फोटो काढतो, लेप नव्हताच असं लिहितो. चूल बदलून मिळेल. पण पंधरा दिवसांत साहेब पाहणीला येतील. तोवर हिला मातीचं बोटसुद्धा लागता कामा नये. लागलं, तर माझी नोकरी गेली आणि तुमची चूलही."

अखाजीला अकरा दिवस होते.

मला त्या वेळी काय झालं ते सांगते. मला जिंकायचं होतं. त्या साखरेत घोळलेल्या पोरीला, त्या गाण्याला, त्या 'अस्पष्ट'ला मला तोंडावर पाडायचं होतं. आम्ही दोघींनी चूल घासली, लख्ख केली. फोटो निघाले. तोताराम गेल्यावर मी अक्काचे दोन्ही हात धरले. "अक्का, काही झालं तरी लिंपायचं नाही. माझी शपथ आहे तुला. एवढी कळ काढ, तुझं जेवण मी पाठवते, नवी चूल येते की नाही बघ."

पेटवायची नाही, असं मी म्हटलं का? म्हटलं असणार, असं मी स्वतःला बजावते. पण आठवत नाही. आणि म्हटलं असतं तरी ती मांडे करणार कुठे होती? गॅसवर खापर बसत नाही. जुनी चूल तर मी फोडायला लावली होती. नवी घातली, तर वाळायलाच दोन आठवडे.

अखाजीच्या आधीचे तीन दिवस मला जळगावला ट्रेनिंग लागलं. नवीन ॲप आलं होतं, त्यात माहिती कशी भरायची ते शिकायला. मी रोज संध्याकाळी अक्काला फोन करायचे.

"लिंपलं नाहीस ना?"

"नही व माय. बोट बी लावं नही."

"शाब्बास!"

पलीकडे खोकला ऐकू येत होता. मी रोज लोकांच्या घरी जाऊन खोकला किती दिवसांचा, बेडका पडतो का, विचारणारी बाई. तिला नाही विचारलं. मी माती विचारली. तीन संध्याकाळी, तीनही वेळा मी मातीच विचारली.

अखाजीच्या दिवशी सकाळी सुनंदा दोंडाईच्याहून आली. दार उघडताच तिला आई दिसेना, एवढा धूर. खापर चुलीवर, परातीत पुरण, टोपलीत एकावर एक रचलेले मांडे, आणि अक्का भिंतीला पाठ लावून बसलेली. ओठ निळे. सगळ्या ऑर्डरी पूर्ण झाल्या होत्या. सुनंदाने मला फोन केला तेव्हा मी पारोळ्याच्या बसमध्येच होते. आम्ही अक्काला गाडी करून धुळ्याला नेलं. तिच्या बोटांना पुरण तसंच चिकटलेलं होतं, नर्सने पुसलं.

नऊ दिवस ती दवाखान्यात होती. डॉक्टरांनी जुना आणि नवा, दोन्ही फोटो माझ्यासमोर उजेडाला धरले. ते बघणं मला अजून पचत नाही.

आणि त्याच नऊ दिवसांत कंपनीचा मेसेज आला. तक्रार मंजूर, नवीन वस्तू रवाना. पाहणीला चिटपाखरू फिरकलं नव्हतं. मी माणकचंदशेठना फोन लावला, म्हटलं साहेब कधी येऊन गेले? शेठ बिचारे चाचरले. "ताई, पाहणीला सहसा कोणी येतच नाही. फोटोवरच होतं. तसं लिहायची पद्धत आहे." पद्धत! शी! ज्या साहेबाच्या भीतीने एका बाईने तीन दिवस धूर गिळला, तो साहेब नुसता एका कागदावर होता. मी फोन ठेवला आणि दवाखान्याच्या नळावर जाऊन खळखळून चूळ भरली. तरी कडूपणा जाईना.

अक्का घरी आली. नाकात नळी, बाजूला घुरघुरणारं मशीन. दिवसाचे बहुतेक तास त्याला बांधलेली. त्या मशीनजवळ आग चालत नाही, आगपेटीसुद्धा नाही. डॉक्टरांनी हे तिला माझ्यादेखत सांगितलं आणि तिने मान हलवली. मला वाटलं, समजली.

परवा नवी चूल आली. तोताराम स्वतः घेऊन आला, जुनी उचलून नेली, नवी त्याच जागी बसवली. शिवण त्याने बोट फिरवून मला दाखवली. पक्की होती. जाताना अक्काकडे त्याला बघवेना. त्याने कागद पुढे केला, 'ग्राहक समाधानी' अशा चौकटीसमोर सही हवी होती. अक्काने खाटेवर बसल्या बसल्या अंगठा उठवला. मी तिला अडवलं नाही. अडवायला मी कोण?

तो गेल्यावर मी तिच्या पायाशी बसून राहिले. मशीन घुरघुरत होतं. अक्का त्या चकचकीत लोखंडाकडे एकटक बघत होती. मग तिने नळी जरा सावरली, एकेक शब्दाला थांबत, अगदी शाळेतल्या पोरीने बाईंना विचारावं तसं मला विचारलं,

"ताई, आते लिपू का? का आखो कोनी देखाले येनार शे?"

मी उठले. बाहेर जाऊन शेण-माती कालवली आणि तिच्यासमोर आणून ठेवली. तिच्याने खाली बसवेना, म्हणून मी लिंपलं. ती खाटेवरून बोट दाखवत होती, इथं राहिलं, तिथं राहिलं. मी चारी बाजूंनी लिंपलं, नंबराच्या पट्टीवर दोनदा. हळदीकुंकूही मीच लावलं.

ती चूल पेटणार नाही. पण नागडी नाही राहिली.