काकांनी लांबवलेला रिस्टार्ट
तापलेल्या संगणकातल्या धुळीचा वास आला की रत्नागिरीतली आमच्या कॉलेजची लॅब आठवते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आमच्या गावची, पूर्णगडची एसटी उशिरा पोचली तरी माझ्यासाठी लॅब उघडी ठेवणारे लॅबचे काका तिथे सर्व्हर सांभाळायला कंत्राटी नोकरीवर होते. सर्व्हरच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रणेच्या गाभ्यात, एक फट निघाली होती; तिच्यातून साध्या विद्यार्थ्यालाही सर्व्हरचा पूर्ण ताबा मिळायचा. काकांनी दुरुस्ती बसवली, पण ती रिस्टार्टनंतरच लागू होणार होती आणि माझ्या प्रोजेक्टचं काम सर्व्हरवर चार दिवस सलग चालायचं होतं. "तुझा होऊंदे बाय, मग बंद करू," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच फटीतून शिरून परीक्षेच्या फाइली पुसल्या. "रिस्टार्ट का केला नाहीत?" प्राचार्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. माझ्याकडे न बघता काका म्हणाले, "विसरलो, साहेब." मी दारातच उभी होते. उद्यापासून येऊ नका, असं त्यांना तिथेच सांगितलं गेलं. जाताना त्यांनी हळूच विचारलं, "झाला काय गो तुझा काम?" एक दिवसाचं काम उरलं होतं, तरी मी होकारार्थी मान हलवली. आज असल्या फटी बुजवण्याच्याच नोकरीवर आमचं घर चालतं, आणि काका कुठे असतात हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.