कंबरमोडी आणि माशांचे खवले

माझी पुतणी औषधशास्त्र शिकली आणि आता शहरात संशोधन करते. म्हणजे नेमकं काय करते, हे आमच्या घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं. मागच्या दिवाळीत ती आमच्याकडे मोताळ्याला आली आणि भाऊबीज आटोपताच मला म्हणाली, काकू, आठवडी बाजारातून माशांचे खवले आणू. मासे नकोत, नुसते खवले. धरणाचे मासे विकणाऱ्या बाईने पिशवी भरून दिली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, पोरीले काही झालं तं नाही?

अंगणात बसून तिने ते खवले धुतले. वास असा की गल्लीतली मांजरं भिंतीवर येऊन बसली. धुता धुता तिने सांगितलं ते मला लगेच समजलं, कारण ती मोठे शब्द वापरत नाही. आपली कातडी, हाडं, शिरा ज्या धाग्याने धरून ठेवलेल्या असतात ते कोलॅजन. खवल्यांत ते भरपूर असतं. ते विरघळवून, गाळून, गोठवून वाळवलं की पांढरी, स्पंजासारखी चकती तयार होते. ती जखमेत ठेवली की नव्या कातडीला आधार मिळतो, कारल्याच्या वेलाला मांडव मिळतो तसा. अशा चकत्या बाजारात आहेत. तिचं काम त्यापुढचं होतं. त्या मांडवात कंबरमोडीचा अर्क मिसळून ती उंदरांच्या जखमांवर लावून पाहत होती.

कंबरमोडी आमच्या बांधावर पायलीची पन्नास. विळा लागला की तिचा पाला चावायचा आणि जखमेवर दाबून धरायचा, रक्त थांबतं. चावायचं काम माझ्या सासऱ्यांचं. दगडावर वाटला तर गुण जातो, पाला तोंडातच चावला पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. माझं स्वतःचं बोट त्यांच्याच पाल्याने भरून आलेलं आहे, त्यामुळे मी या गोष्टीला हसत नाही. नातीने शहरात जाऊन कंबरमोडीच धरली हे कळल्यावर ते ही बातमी गावभर सांगत फिरले.

फिरले ते नव्या चपला घालून. साखरेच्या आजाराने त्यांच्या तळव्यांची जाणीव गेली आहे. चपलेतला खिळा अंगठ्याखाली रुतत राहिला, त्यांना पत्ताच नाही. मला कळलं ते फरशीवर डाग पडले तेव्हा. बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले, जखम खोल आहे. भरली तर ठीक. पू हाडापर्यंत गेला तर अंगठा काढावा लागेल, आणि तिथेच थांबेल याची खात्री नाही.

घरात सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट आली. पुतणी तोवर शहरात परतली होती. तिला फोन मीच केला, तुझी चकती घेऊन ये म्हटलं. ती दुसऱ्याच दिवशी आली, पण रिकाम्या हाताने.

सासरे खाटेवरूनच म्हणाले, "काऊन वो, उंदराले लावतं अन् आज्याले नाही?"

"उंदरालेच लावलं आहे आबा अजून. माणसाले लावाची परवानगी नाही मले."

"मी देतो न परवानगी."

"तुमची चालत नाही."

तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या दिराने, शिकवल्याचा उपयोग काय म्हणून बरंच ऐकवलं. मीही आत नेऊन समजावलं की थोडीशी लावून पाहायला काय हरकत आहे. तिने सगळं ऐकून घेतलं, जेवली, ताट धुऊन ठेवलं आणि नाही म्हणाली. राग आला, खोटं कशाला बोलू. पण आमच्या घरात सगळे एका बाजूला असताना नाही म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी जखम साफ करून बाजारातली साधी चकती लावली आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही अशी ताकीद दिली. पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा जखम लाल आणि स्वच्छ होती. दुसऱ्यांदा सोडली तर वास आला. डॉक्टरांनी चिमट्याने कडेचा एक हिरवा तुकडा उचलला आणि हे काय, म्हणून विचारलं. सासरे पंख्याकडे पाहू लागले.

सरळ हिशोब होता त्यांचा. नातीच्या चकतीत कंबरमोडी आहे, डॉक्टरांच्या चकतीत नाही, मग ती आपण घालावी. शेजाऱ्याकडून पाला मागवला, तंबाखूच्या तोंडाने चावला आणि पट्टीच्या फटीतून बोटाने आत सारला.

पुतणीही सोबत आली होती. आता पोरगी आजोबांना झाडणार असं मला वाटलं. तिने स्टूल जवळ ओढलं.

"पाला बरोबर निवडला आबा. पण मी तो धुते, उकळते, गाळते, अन् त्यात जंतू राह्यले का ते पाह्यते. तुम्ही पाल्यासंगं तोंडातलं सारं आत पाठवलं."

"मंग इतके साल गुण कसा आला?"

"त्या वरवरच्या जखमा होत्या. अन् त्या माणसाईले साखर नव्हती."

सासऱ्यांनी पट्टीकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "अंगठा जाईन का?"

"जाऊ शकते."

आम्ही सगळे इतके दिवस त्यांना काही होत नाही, काही होत नाही, असंच म्हणत होतो. खरं तिने सांगितलं, आणि त्या दिवसापासून ते तिचं ऐकू लागले. तंबाखू सुटली नाही, पण पट्टीला हात लावणं बंद झालं. ती सुट्टी वाढवून राहिली. तिने काही जादू केली नाही. साखर तपासायची, औषधाच्या वेळा पाळायच्या, पट्टीजवळ जाणाऱ्याला साबणाने हात धुवायला लावायचे, आणि आजोबा खाटेवरून पाय खाली सोडताना दिसले की नुसतं पाहायचं. ते पाहणं पुरत असे.

अंगठ्याचा निकाल लागायचा त्या दिवशी आम्ही तिघं बुलढाण्याला गेलो. पट्टी सुटली. कडेकडेने गुलाबी कातडी आत सरकत होती. डॉक्टर म्हणाले, अंगठा राहतो.

सासऱ्यांनी लगेच नातीकडे तोंड वळवलं. "तुयी चकती लावली असती तं याच्याहून लवकर भरलं असतं?"

त्या घडीला हो म्हणायला काय लागत होतं? सगळे खुश होते, आजोबांना तेच ऐकायचं होतं, आणि डॉक्टरही कान देऊन होते.

"माहीत नाही आबा," ती म्हणाली. "तेच तं पाहून राह्यली मी."

सासऱ्यांना उत्तर पसंत पडलं नसावं. येताना गाडीत ते आडवे झाले आणि त्यांचं पाऊल आम्ही दोघींनी पाळीपाळीने मांडीवर घेतलं, पाचही बोटांसकट. चांगलं जड होतं.