पुलाची बुजवलेली फट

उस्मानपुऱ्यात आमच्या नाल्यावरचा पायी जायचा लोखंडी पूल आज दुपारी एका टोकाला खचला. वर कुणी नव्हतं म्हणून निभावलं.

शेजारचे वेल्डर सलीमभाई वाकून बघत म्हणाले, "ताई, लोखंड उन्हात लांबतं. त्याच्यासाठी टोकाला फट सोडलेली असती. ही सिमेंटनं बुजवली. जागाच नाय म्हणल्यावर त्यानं आधाराची भिंत फोडली. हा शहाणपणा कुणी केला?"

फटीत चपला अडकतात, ती बुजवा, या अर्जावर गल्लीभर सह्या मीच घेतल्या होत्या.

शाळेजवळच्या पुलाची फटही तेव्हाच बुजवली होती. लेकरं उद्या त्यावरूनच जाणार.

आता अर्ज नको. सकाळी सातच्या आत तिथं दोरी बांधून पूल बंद करायला माझ्यासोबत कोण येतंय?