पेंढ्याचं छत

उज्ज्वला साळवे कुणाच्याही घरी गेली की पाणी घ्यायच्या आधी भिंतीला तळहात लावायची. घर वरच्या मजल्यावर असलं तर "खुर्ची देता का जरा?" म्हणत थेट छताला. कोपरीतल्या आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हाही तेच. सासूबाई चहाचा कप धरून बघतच राहिल्या. "काकू, तुमच्या घराला ताप आहे," खुर्चीवरून उतरत ती म्हणाली, "गोळीनं नाही उतरायचा."

ठाण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आम्ही शेजारी बसायचो. मी नकाशे काढायचे, ती बांधकामाच्या सामानाचं बघायची. बाळकुमच्या टॉवरसाठी ग्लासवूल, म्हणजे छताखाली घालायची काचेच्या धाग्यांची गादी, मागवायची वेळ आली की तिचं तोंड आंबट व्हायचं. "राहणाऱ्याला गारवा आणि लावणाऱ्याच्या अंगाला खाज," म्हणायची. ती पेंढ्याचे तक्ते सुचवायची आणि साहेब हसायचे. "अगं, आपल्याला फ्लॅट विकायचेत, गोठा नाही."

"सर, मे महिन्यात एक दुपार गोठ्यात बसा. मग आपल्या सॅम्पल फ्लॅटमध्ये बसा."

साहेब बसले नाहीत. तिनं तक्ते लावले ते स्वतःच्या चाळीत, विठ्ठलवाडीला. आई ताराबाई आणि ती अशा दोघी तिथे पत्र्याच्या खोलीत राहत. उन्हाळ्यात चाळीतली म्हातारी माणसं दुपारी जवळच्या बुद्धविहारात जाऊन पडायची, कारण तिथलं छत उंच होतं. उज्ज्वला मुरबाडकडून भाताचा पेंढा आणायची, चुन्याच्या पाण्यात भिजवून वाळवायची, बांबूच्या चौकटीत दाबून बसवायची आणि दोन्ही बाजूंनी चुन्याचा जाड गिलावा द्यायची. "चुना ही त्याची कातडी, ताई. कातडी शाबूत तर वाळवी लांब, आग लांब." आधी स्वतःच्या पत्र्याखाली लावले, मग शेजाऱ्यांनी मागितले, आणि बघता बघता सगळ्या चाळीला लागले. ताराबाईंचं दुपारचं विहारात जाणं बंद झालं. मला म्हणाल्या, "पोरीनं पत्र्याला गोधडी पांघरली बघा."

मग आग लागली. टोकाच्या खोलीत मधुकरकाका दुपारचे झोपले होते. कूलरच्या वायरीनं पेट घेतला. लोकांनी बाहेर काढेपर्यंत ते फार भाजले होते. दवाखान्यातच ते वारले.

दुसऱ्या दिवशी मी उज्ज्वलाबरोबर त्या खोलीत गेले. तिचा तक्ता काळा पडलेला, पण जागेवर होता. तिनं खरवडून पाहिलं, आतला पेंढा पिवळाच होता. पलंगावर मात्र काळे, घट्ट झालेले थेंब चिकटले होते. ते थर्माकोल होतं. मुलीच्या बारशाला खोली पांढरीशुभ्र दिसावी म्हणून काकांच्या मुलानं ते तक्त्याच्या खाली चिकटवलेलं. तेच वितळून, जळत, बापाच्या अंगावर पडलं होतं. या मुलाला मी इथे प्रकाश म्हणते. त्याचं खरं नाव मी लिहिणार नाही.

तो दारात आला. त्याच्या मागे सगळी चाळ. "बघून घ्या तुमचं गवत! खाल्लं माझ्या बापाला!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात उज्ज्वलानं माझं मनगट दाबलं. "उद्या सगळे काढून टाकू, प्रकाश," ती म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर मी भडकले. "सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? हौसेनं लावलेलं गं त्यानं, लेकीच्या बारशाला. वेडा होईल तो, ताई."

तक्ते उतरले. स्वतःच्या खोलीतलेही तिनं काढले. ताराबाईंनी विचारलं, "आपले पण?" तर म्हणाली, "आई, आपली आणि शेजारच्यांची भिंत एकच आहे. त्यांना झोप नको का लागायला?" पुढचा उन्हाळा यायच्या आत तिनं आईसाठी पक्क्या इमारतीत भाड्यानं घर पाहिलं. ताराबाई म्हणाल्या, चाळ सोडून मी कुठं जाऊ. त्या पुन्हा दुपारच्या विहारात जाऊ लागल्या. मे महिन्यात एकदा गुडघा फारच धरला म्हणून घरीच राहिल्या. उज्ज्वला बाळकुमला साइटवर होती. शेजारणीनं हाक मारली तर आतून ओ नाही. दार लोटून पाहिलं तेव्हा त्या जमिनीवर पडलेल्या, अंग चटका बसेल असं तापलेलं. त्यांना दोन्ही हातांवर उचलून दवाखान्याकडे धावला तो प्रकाश. डॉक्टर उष्माघात म्हणाले. उज्ज्वला पोचली तेव्हा आई गेलेली होती आणि प्रकाश पायरीवर बसून लहान मुलासारखा रडत होता. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेली.

त्यानंतर ती चाळीत फार राहिली नाही. चंद्रपूरकडे शाळांच्या छपरांचं काम मिळालं आणि तिनं खोली सोडली. सामान बांधायला मी गेले होते. पत्रा नुसता भाजत होता, दोघींच्या मानेवरून घाम ओघळत होता. मला राहवलं नाही.

"आता तरी खरं सांग यांना. तुझी आई गेली, उज्ज्वला. निदान बाकीच्यांच्या डोक्यावर तरी तक्ते लागतील."

ती आईची लुगडी घडी करत होती. हात थांबले नाहीत.

"तक्त्यांचं मी बघेन. पेटवून दाखवेन सगळ्यांसमोर, कोणाचं नाव न घेता. पण त्या दिवसाचं नाही बोलणार. ते कळलं तर बापाचं आणि माझ्या आईचं, दोन मरणं त्याच्या डोक्यावर बसतील, ताई. एक तरी माझ्याकडे राहू दे."