फिरला की मिसळ

"वहिनींना सांगू नकोस हं. त्यांना वाटतंय, तुझा पाय बाथरूममध्ये मुरगळला!"

आत किरण मंदारला बजावत होता. चहाचा ट्रे घेऊन मी दाराशीच थांबले. माझा नवरा मंदार फ्लाइंग क्लबमध्ये विमान चालवायला शिकवतो. दर रविवारी त्याच्यासोबत शिकवणारा किरण आणि त्यांचे सीनियर देव सर आमच्या धायरीच्या फ्लॅटवर येतात. लग्नाला चारच महिने झालेत, पण विमान उतरवण्याचे किस्से माळ्यावर मावत नाहीत इतके साठलेत.

या मंडळींचं विमान कधी 'पडत' नाही. किरणनं एकदा धावपट्टीच्या अलीकडे, ज्वारीत टेकवलं. शेतकरी धावत आला. किरण म्हणाला, "काही नाही काका, लँडिंगच केलं. धावपट्टी जरा पुढं राहिली."

काका म्हणाले, "मग ऱ्हायलेलं चालत जावा."

रिपोर्टमध्ये त्यानं कारण लिहिलं, 'वारा.' ऑफिसनं परत पाठवला : 'त्या वेळी वारा नव्हता.' यानं खाली लिहिलं, 'तेच कारण.'

देव सरांचा किस्सा वेगळाच. उतरताना ते विद्यार्थ्यावर ओरडले, "पॉवर सोड, सोड!" म्हणजे इंजिनची ताकद कमी कर. पोरानं दोन्ही हात सोडले. विमान नाकावर टेकलं. "सर, तुम्हीच म्हणालात!" तेव्हापासून सर फक्त इंग्रजीत ओरडतात.

मी हसते. साखर विचारते. कप विसळते.

त्या दिवशी दाराआडून ऐकलेला किस्सा मात्र मला कुणी सांगणार नव्हतं. उतरताना बेत बिघडला, तर पुन्हा वर जायचं, एक चक्कर मारून परत यायचं. पुस्तकात हेच लिहिलंय. क्लबात मात्र जो असा फिरला, त्यानं सगळ्यांना मिसळ द्यायची, वर आठवडाभर टोमणे खायचे. मंदार फार उंचावरून, फार वेगात आला. खाली किरण वॉकीटॉकीवर चिडवत म्हणाला, "मिसळ, मिसळ!" मंदार फिरला नाही. धावपट्टी संपली, पुढं चर होता. विमान त्यात गेलं, पाय तिथं मुरगळला.

"चर जरा उथळ होता म्हणून वाचलास," देव सर म्हणाले.

मी आत गेले. तिघंही एकदम क्रिकेटवर बोलायला लागले. उद्यापासून मंदार परत उडणार होता.

मी ट्रे ठेवला. "उद्या नीट येत नसलं तर फिर. दहा वेळा फिर. मिसळ मी डब्यात देते. किरणदादा, सर, खायला मात्र तिघंही पाहिजेत."